दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सहा वर्षांची नात गेल्या पावसाळ्यात गच्चीवर खेळताना उजव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘आबा, समोरच्या बिल्डिंगचं नाव पुसलं!’’ हात काढला की नाव परत येत होते. तोवर घरात कोणालाच शंका आली नव्हती, कारण ती धडाधड वाचत होती आणि टीव्हीही लांबूनच पाहत होती. तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त निघाला. अशा वेळी मेंदू चांगल्या डोळ्यावरच विसंबतो आणि दुसऱ्याची नजर नीट घडत नाही; यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा त्यावरचा उपाय सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर अधिक लागू पडतो. मूल स्वतःहून तक्रार करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. इतरांना कसे दिसते हे त्याला कुठे ठाऊक असते?

त्याच भेटीत माझेही डोळे तपासले गेले. चाळिशी लागल्यापासून मी ठाणे स्थानकाबाहेरच्या पदपथावरचे तयार चष्मे वापरत आलो होतो आणि वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येते, एवढ्यावर निर्धास्त होतो. डोळ्यातील दाब मोजून आणि बाहुली मोठी करून आतली नस पाहिल्यावर काचबिंदूचे निदान झाले. यात दुखत-खुपत नाही, बहुधा आधी कडेचे दिसणे कमी होते आणि समोरचे अक्षर दीर्घकाळ शाबूत राहते, त्यामुळे वाचनाच्या चष्म्यावरून काहीच कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली राखता येते. माझ्या वडिलांची दृष्टी म्हातारपणामुळे गेली, असे आम्ही मानत होतो. आता तसे वाटत नाही. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी चाळिशीनंतर नियमितपणे, तर मधुमेहींनी दिसण्यात काही फरक जाणवत नसला तरी दरवर्षी, अशी सविस्तर तपासणी करून घ्यावी.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. घोडबंदर रोड परिसरात मात्र विनाअनुदानित शाळांत आणि खासगी बालवाड्यांत जाणारी मुले पुष्कळ आहेत व ती या कार्यक्रमाबाहेर राहतात. ठाणे महापालिकेने शाळांना बालवर्गाच्या प्रवेशावेळी लसीकरणाच्या नोंदीसोबत डोळ्यांच्या तपासणीची नोंदही घेण्यास सांगावे. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात. मात्र प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे आणि दुसरा पूर्ण झाकून तपासला जावा. हाताने झाकायला सांगितले की मुले बोटांच्या फटीतून हमखास बघतात, हे शिक्षक म्हणून मी कित्येकदा पाहिले आहे. येत्या जूनच्या प्रवेशांपासून हे सुरू करता येईल.

– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे