गुंड्याभाऊ कुठे गेला?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांवर जो लेख आला, त्यात नायकाच्या सोबत्याला तोंडी लावण्यापुरतेच स्थान दिले आहे. हे मुळीच पटले नाही. शेरलॉक होम्सच्या मूळ ६० कथा-कादंबऱ्यांपैकी ५६ डॉ. वॉटसनच्या तोंडून येतात. होम्सच्या डोक्यात काय चालले आहे हे त्याला कळत नाही, म्हणून ते आपल्यालाही कळत नाही आणि उत्कंठा टिकते. वॉटसन वगळला तर रहस्यच उरत नाही.

बडोदेकरांना तर हे सांगायलाच नको. पाली भाषेचे प्राध्यापक चिं. वि. जोशी याच गावात शिकवत. मी नातीला त्यांच्या चिमणरावाच्या गोष्टी वाचून दाखवतो. चिमणरावाच्या फजितीवर ती खळखळून हसते, पण दोन-तीन पाने गुंड्याभाऊ आला नाही, की पुस्तकावर हात ठेवून विचारते, "आजोबा, गुंड्याभाऊ कुठे गेला?" भिडस्त चिमणराव जिथे कचरतो, तिथे सोटा घेऊन पुढे होणारा हा माणूस तिला हवाच असतो. मलाही.

या सोबत्यांवर पुरवणीत एक स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे