नवजात कक्षातल्या सिस्टरांना

कोल्हापूर

आदरणीय सिस्टर,

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या तान्ह्या बाळाचा फीटचा झटका (आकडी) बऱ्याचदा लपून येतो. अंग ताठ होत नाही. नजर एका बाजूला खिळते, ओठ चोखल्यागत हलतात, पाय सायकल मारल्यासारखे चालतात आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरतं. आम्हा डॉक्टरांचं लक्ष आधी ऑक्सिजनकडे जातं, तुमचं बाळाच्या डोळ्यांकडे. त्या नजरेचे आभार मानायला हे पत्र.

थरथरणारा हात तुम्ही हलकेच धरून बघता. धरल्यावर थांबली तर ती नुसती थरथर. हातात धरूनही ठेका चालूच राहिला तर झटका. एवढ्याने बाळाचं नको ते औषध टळतं.

चंदगड किंवा गगनबावड्याकडून १०८ मधून बाळ गार पडून येतं, तेव्हा वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावर) घेताघेताच तुम्ही टाचेतून साखर तपासता, कारण साखर उतरली तरी झटका येतो. डेसिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी), किलोमागे २ मिली, आणि पाठोपाठ सलाईनमधून मिनिटाला किलोमागे ६ ते ८ मिलिग्रॅम ग्लुकोज. नाहीतर साखर पुन्हा कोसळते. दुसरा संशय कॅल्शियमचा. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांची रचना बिघडलेल्या काही बाळांत २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. त्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी अपुऱ्या वाढतात आणि कॅल्शियम उतरतं. ते शिरेतून देताना दहा मिनिटं तुम्ही बाळापासून हलत नाही, हे आम्ही पाहतो. ठोके मंदावले की थांबवायचं, आणि सुई शिरेबाहेर सरकली तर कातडी जळते. दोन्हींकडे एकाच वेळी डोळा ठेवणं सोपं नाही.

झटक्यावरचं पहिलं औषध फेनोबार्बिटोन, किलोमागे २० मिलिग्रॅम, सावकाश २० मिनिटांत. त्याने श्वास मंदावतो, म्हणून हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग तुम्ही आधीच उशाशी ठेवता. झटके थांबले नाहीत तर पूर्वी सरसकट फेनिटॉइन द्यायचे. पण ते हृदयाचा ठेका बिघडवतं, रक्तदाब पाडतं. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही हृदयाच्या बाळांसाठी दुसरं औषध म्हणून लेव्हेटिरॅसिटामला पसंती आहे. फेनिटॉइनची कुपी हातात घेण्याआधी “डॉक्टर, हे हृदयाचं बाळ आहे ना?” असं विचारणारी सिस्टर आम्हाला हवीच आहे. रात्री तीनलाही विचारा.

सगळ्यांत अवघड असतं व्हेंटिलेटरवरचं, स्नायू शिथिल केलेलं बाळ. तिथे हातपाय हलतच नाहीत; खात्रीला ईईजीच (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लागतो. तो लावायचं आम्हाला सुचतं ते तुमच्या तक्त्यामुळे: ठोके आणि रक्तदाब एकदम चढले, सॅच्युरेशन उतरलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, किती वाजता, किती सेकंद. राउंडला आल्यावर आम्ही आधी तोच तक्ता वाचतो. वेळ अशीच सेकंदासकट लिहीत राहा.

आपले,
बालरोग विभागातले डॉक्टर