वर दिसणारे उत्तर आणि बरोबर उत्तर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै-ऑगस्ट उजाडला की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या ऑनलाइन गटांवर पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो येऊ लागतात. खाली दोन तऱ्हेची उत्तरे हमखास असतात. एक जण बाटलीचा फोटो टाकून 'हे मारा, चार दिवसांत फरक' असे लिहितो. दुसरा उलट विचारतो की पिवळी पाने शेंड्याची आहेत की बुडाची, आणि शिरा हिरव्या आहेत का. शेंड्याची पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नसल्याची ती खूण असते आणि फेरस सल्फेटच्या फवारणीचा विचार होतो. हिरव्यात पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूजन्य रोग. झाड एकदा रोगट झाले की ते बरे करणारे औषध नाही. ते उपटून नष्ट करायचे आणि माशी आटोक्यात ठेवायची. दुसऱ्याचे प्रश्न लाखमोलाचे, पण बहुतेक वेळा बाटली वर असते आणि प्रश्न 'आणखी कमेंट पाहा'च्या खाली दबलेले असतात. हे कसे घडते, ते वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र.

चर्चेच्या ठिकाणी काय वर दिसणार हे एक गणिती सूत्र ठरवते. मोठ्या कंपन्या आजची सूत्रे उघड करत नाहीत, पण काही ठिकाणची जाहीर झालेली आहेत आणि त्यांतून रीत कळते. हॅकर न्यूज या संकेतस्थळाचे गाजलेले सूत्र असे: मिळालेल्या मतांतून 1 वजा करायचा, पोस्टच्या वयाच्या तासांत 2 मिळवून त्या बेरजेचा 1.8 वा घात काढायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. तासाभरापूर्वीच्या, 20 मते असलेल्या पोस्टला 2.63 गुण मिळतात. दहा तासांपूर्वीच्या, 100 मते असलेल्या पोस्टला फक्त 1.13. म्हणजे पाचपट लोकांनी पसंत केलेली गोष्ट निम्म्याहून खाली जाते. बातम्यांसाठी हे ठीक आहे. पिकाच्या प्रश्नाला मात्र ते मारक ठरते.

आपल्याकडे शेतीपंपाची लाइट पाळीने येते, अनेकदा रात्री. मोटार चालू करून बांधावर बसलेला शेतकरी रात्री एकला प्रश्न टाकतो, तेव्हा वाचणारे झोपलेले असतात. सकाळी सातला लोक मोबाइल उघडतात तोवर प्रश्न सहा तासांचा झालेला. वरचेच सूत्र लावले, तर तासाभरापूर्वी आलेल्या पोस्टच्या बरोबरीला यायला त्याला जवळपास सहापट मते लागतात. प्रश्नात काही खोट नसते, तो फक्त अवेळी आलेला असतो.

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या 'हॉट' या क्रमाची तऱ्हा वेगळी. त्याच्या जाहीर झालेल्या सूत्रात मतांचा लॉगरिदम घेतात, म्हणजे मते दहापट झाली की एकच गुण वाढतो, आणि पोस्ट 45,000 सेकंद, म्हणजे साडेबारा तास, उशिरा आली तरी तेवढाच एक गुण जास्त मिळतो. पहिल्या 10 मतांचे जेवढे वजन, तेवढेच त्यापुढच्या 90 मतांचे आणि त्याच्याही पुढच्या 900 मतांचे. म्हणून पहिली दहा मते कोण देतो, याला फार महत्त्व येते. विकणाऱ्याने ओळखीच्या दहा जणांना पाच मिनिटांत लाइक द्यायला सांगितले, की बाकीचे काम गर्दी करते. हा नुसता तर्क नाही. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून जास्त कमेंट घेतल्या होत्या. त्यांतल्या काहींना सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत दिले. पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटची गुणसंख्या सरासरी 25 टक्क्यांनी वर गेली. खोटे प्रतिकूल मत मात्र नंतरच्या वाचकांनी भरून काढले. म्हणजे गर्दी अन्याय दुरुस्त करते, पण फुगवटा तसाच राहू देते.

क्रम लावण्याची चांगली पद्धतही आहे. रेडिटने 2009 मध्ये कमेंटसाठी विल्सन सूत्र आणले. नुसती टक्केवारी काढली तर एकाच माणसाने पसंत केलेली कमेंट 100 टक्के म्हणून पहिली येते आणि 50 पैकी 49 जणांनी पसंत केलेली तिच्या मागे पडते. विल्सन सूत्र विचारते की एवढ्या मतांवरून खात्रीने किमान किती म्हणता येईल. उत्तर येते पहिलीला 20.7 टक्के, दुसरीला 89.5 टक्के. यात वयाचा दंड नाही, त्यामुळे उशिरा आलेले नीट उत्तरही वर चढू शकते. पण याला नापसंतीचे बटण लागते. नुसत्या लाइकवर चालणाऱ्या ठिकाणी ते जमत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो भांडणाच्या वजनाने. ट्विटरने मार्च 2023 मध्ये आपल्या क्रमाचा बराचसा कोड खुला केला. त्यासोबत जाहीर झालेल्या वजनांत लाइकला 0.5 आणि उत्तराला 13.5 असे गुण होते, म्हणजे एक उत्तर 27 लाइकच्या बरोबरीचे. मूळ लेखकाने त्या उत्तराला दाद दिली तर 75. फेसबुकने 2017 पासून रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना लाइकच्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून कळले. रागाचे वजन 2020 मध्ये शून्यावर आणले गेले. म्हणून चुकीच्या सल्ल्याखाली वीस जाणकारांनी तळमळीने 'हे चूक आहे' लिहिले, की तो सल्ला आणखी हजारोंच्या पुढे जातो. दुरुस्ती करायची तर एकाने करावी, बाकीच्यांनी त्या दुरुस्तीला लाइक द्यावा, आणि ॲडमिनला कळवून मूळ पोस्ट काढायला लावावी.

वाचणाऱ्याच्या हातात लहानशी गोष्ट आहे. फेसबुकवर कमेंटच्या वर 'मोस्ट रेलेव्हंट' लिहिलेले असते. तिथे दाबून 'ऑल कमेंट्स' निवडावे. यूट्यूबवर 'न्यूएस्ट' निवडता येते. निवड दर वेळी टिकेलच असे नाही, म्हणून फवारणीचा निर्णय घेण्याआधी एकदा बघावेच.

गटाचा खरा ताबा ॲडमिनकडे असतो. हंगामाच्या सुरुवातीला एक पोस्ट वर पिन करावी: प्रश्न विचारताना वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी, अख्ख्या झाडाचा एक फोटो आणि पानाच्या खालच्या बाजूचा एक फोटो द्यावा. कापसाच्या गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यातल्या पतंगांची संख्या मागावी, कारण हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून सलग तीन रात्री सापळ्यागणिक 8 पतंग आले तरच फवारणीची वेळ आली असे धरतात. रात्रीचे प्रश्न लगेच न सोडता मंजुरीसाठी ठेवावेत आणि लोक निवांत असतात तेव्हा, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सोडावेत. घाईचा असेल तो सकाळी पहिला. हंगाम संपला की पिन काढावी. गेल्या वर्षीची शिफारस वर राहिली तर ती यंदाची समजून औषध मारले जाते.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. 'शेतकऱ्यांमध्ये संताप' अशी बातमी वरच्या पाच कमेंटवरून करू नये. निदान सर्व कमेंट उघडून आणि क्रम 'न्यूएस्ट' लावून मगच लिहावे.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो हे सांगणे बंधनकारक केले आहे, आणि फार मोठ्या कंपन्यांना वापरणाऱ्याच्या माहितीवर न बेतलेला एक तरी पर्याय द्यावा लागतो. आपल्याकडेही 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठांना वस्तू आणि विक्रेत्यांच्या क्रमाचे मुख्य निकष सांगावे लागतात. साडी कोणत्या निकषाने वर दिसते हे विचारता येते, तर फवारणीचा सल्ला कोणत्या निकषाने वर दिसतो हेही विचारता आले पाहिजे. मराठवाड्याच्या आठही खासदारांनी हे बंधन चर्चेच्या व्यासपीठांना लागू करण्याची मागणी लोकसभेत करावी.

आपले,
संगणकशास्त्राचे काही शिक्षक, परभणी