दिव्याहून येणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

माझ्या आजारी आईला सांभाळायचं काम संपवून एक तारखेपासून तुम्ही घोडबंदर रोडच्या नव्या पेशंटकडे जायला लागलात, आणि आमच्या कोपरीच्या घरी सकाळी पावणेआठची बेल वाजायची थांबली. शेवटच्या दिवशी तुम्ही दारात चपला घालत होतात, आईचे डोळे भरून आले होते, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पोचलात की फोन करा." बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते आमच्या आतल्या खोलीत झालं, बाहेर कुणाला दिसलं नाही.

आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा आम्ही तिला वेळेत नेऊ शकलो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्याच दिवशी कळलं. पण घरी आल्यावर काय करायचं, ते कुणी नीट समजावलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं होती. अंथरुणावरच्या माणसाची चादर कशी बदलायची, आईला साध्या पाण्यानं ठसका का लागतो, यातलं त्यावर काहीच नव्हतं.

तुम्ही आलात त्या पहिल्या सकाळी मी आईला आडवं ठेवूनच चमच्यानं पाणी पाजत होते. तुम्ही पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "ताई, थांबा. आधी बसवू." पाठीला तीन उशा लावून तिला ताठ बसवलंत, हनुवटी जरा छातीकडे घ्यायला सांगितलीत, आणि पाण्याऐवजी तांदळाची दाटसर पेज मागितलीत. अर्धा चमचा, तोही तोंडाच्या डाव्या, चांगल्या बाजूला. घसा वरखाली झालेला बघायचा, मगच पुढचा घास. एक वाटी पेज संपायला चाळीस मिनिटं लागली. मला साडेनऊची मीटिंग होती आणि माझा जीव घड्याळात होता. तुम्ही मात्र आईच्या घशावरून नजर काढली नाहीत. नंतर अर्धा तास तिला आडवंही होऊ दिलं नाहीत. पुढे थेरपिस्ट आल्या, त्यांनी नेमकं हेच सांगितलं.

आणि तुमची ती वही! तुमच्या मुलाची शाळेची उरलेली, पुढची काही पानं गणितांची. मागे तुम्ही पट्टीनं रेघा मारून रकाने केले होते: वेळ, खाणं, गोळी, लघवी, कूस. "११ डावी. १ उजवी. ३ डावी, पाठ लाल नाही." दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायचीच. नऊ महिने आई बहुतांश अंथरुणात होती, तरी तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मी ऐरोलीला ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते. इतकी स्वच्छ नोंद मी तिथे क्वचितच पाहिली आहे.

तिसऱ्या महिन्यात मी राजीनामा लिहिला होता, आठवतं? रात्रभर आई जागी, सकाळी ठाण्याहून वाशीची गाडी, ऑफिसात फोन उलटा ठेवला तरी लक्ष त्याच्याकडेच. मुलगी असून आईला परक्या हाती टाकून जाते, हे एका नातेवाइकानं बोलून दाखवलं होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही भांडं घासता घासता म्हणालात, "नोकरी सोडलीत तर मला काढावं लागेल. मग आजींना उचलणार कोण? काल बघितलं मी, तुम्हाला एकटीला नाही जमत." दिलासा देणारे खूप भेटले, मावशी. हिशेब मांडून दाखवणाऱ्या तुम्हीच. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. तोवर "घरी थोडी अडचण आहे" एवढ्यावर भागवत होते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं. झटक्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने सुधारणेला सर्वांत मोलाचे असतात. त्या दिवसांत फिजिओथेरपिस्ट यायचे तेव्हा मी आईजवळ असायचे.

आता जे लिहिते ते लिहिताना मला लाज वाटते. तुमच्या सासूबाईंना दिसत नाही हे मला पाच महिन्यांनी कळलं. तुम्ही चारला उठून दोघींचं जेवण करायचात, त्यांचं ताट झाकून शेजारणीला किल्ली द्यायचात आणि दिव्याहून भरलेल्या लोकलमध्ये चढायचात. घरचं आजारपण सांभाळून नोकरी करणं जड जातंय, असं मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही तेच करत होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. सासूबाई पडल्या तेव्हा तुम्ही दोन दिवस सुट्टी मागितलीत, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? बुधवारच्या रिलीजचं काय होणार! ते मी तोंडानं बोलले नाही, पण माझा चेहरा तुम्ही वाचला असणार. मला माफ करा.

बाळंतपणाला २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हाताऱ्या आईसाठी खासगी नोकरीत अशी वेगळी रजा कायद्यात नाही. मला निदान शिल्लक रजा होत्या. रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्यानंतर आपण रविवारची भरपगारी सुट्टी ठरवली, ती खरं तर पहिल्या दिवसापासून द्यायला हवी होती. आता माणूस शोधणाऱ्या मैत्रिणी विचारतात, "बाई टिकते का गं?" मी त्यांना आधी सुट्टीचं विचारते.

त्या दोन दिवसांत मी रजा टाकून वही उघडून बसले आणि तुम्ही लिहिलंय तसंच सगळं केलं. संध्याकाळपर्यंत माझी पाठ धरली. वेतनचिठ्ठी माझ्या नावाची असली तरी मार्चमध्ये मिळालेली बढती तुमच्या त्या रकान्यांवर उभी आहे, हे मी ऑफिसातही सांगितलं.

आई आता चार पायांची काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. दीड वाजला की दाराकडे बघते, तुमची डबा खायची वेळ म्हणून.

तुमचा स्टीलचा छोटा डबा इथेच राहिलाय. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आईनं त्यात रव्याचे लाडू भरून ठेवलेत. भाजणं माझं, वळलेत तिनं, डाव्या हातानं. गोल झालेले नाहीत. रविवारी सासूबाईंना भेटायला दिव्याला येते, तेव्हा घेऊन येईन.

तुमची,
कोपरीची ताई