मान खाली घातलेली रुई

लॉरेन्स, कॅन्सस
९ जून

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं ते एका हातभर झाडापायी. हसू नकोस, ऐक.

शनिवारी मारुतीला माळ करायला आपण रुईची पानं तोडायचो आणि चीक डोळ्यांत जाईल म्हणून तुझी आजी ओटीवरून ओरडायची, आठवतं? परवा गुडघाभर गवतात उकिडवा बसलो होतो, तेव्हा मला तिचाच आवाज ऐकू आला.

इथली प्रेअरी म्हणजे माळरानच, पण माती काळीभोर आणि खोल. तेच तिच्या मुळावर आलं. नांगर फिरला, मका आणि सोयाबीन आलं. उंच गवताची मूळ प्रेअरी आता जेमतेम ४ टक्के उरलीय. आमच्या बाजूचे तिचे तुकडे वाचले ते बरेचसे चाऱ्याची कुरणं म्हणून. वर्षातून एकदा गवत कापायचं, नांगर घालायचा नाही. अशाच एका कुरणात मला मीड्स मिल्कवीड दिसलं, आपल्या रुईच्या नात्यातलं इथलं झाड. कुठल्या ते तुलाही सांगणार नाही. १९८८ पासून ते संरक्षित यादीत आहे.

खरं तर आठवडाभर आधीच मी 'सापडलं!' म्हणून नाचलो होतो. माझ्यासोबत फिरायला येणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना फोटो दाखवला. बाई म्हणाल्या, "मान बघ त्याची." गुच्छ ताठ, फुलं गुलाबीसर, पानांच्या कडा लाटांसारख्या. दुसरंच मिल्कवीड होतं ते. चांगलाच पोपट झाला.

हे मात्र तेच. एकच काडी, फांदी नाही, लव नाही. पानं समोरासमोर, देठाशिवाय खोडाला चिकटलेली, वर पांढुरकी झाक, थेट रुईच. शेंड्याला एकुलता एक गुच्छ, दहा-बारा हिरवट साईच्या रंगाची फुलं, आणि सगळा गुच्छ मान खाली घालून. चीक बघायला पान तोडावंसं फार वाटलं. नाही तोडलं.

नातं खरंच आहे, बरं का. दोघी एकाच कुळातल्या. परागाची पावडर नसतेच. दोन इवल्या पुरचुंड्या एका चिमट्याने जोडलेल्या, त्या माशीच्या पायात अडकून दुसऱ्या फुलावर जायच्या. रुईवर ज्या पट्टेरी अळ्या आपण काडेपेटीत पाळायचो, त्या फुलपाखराचा सख्खा भाऊ, मोनार्क, इथे मिल्कवीडवर वाढतो.

पण रुई उकिरड्यावरही माजते आणि हिचे नखरे फार. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला १५ वर्षंही लागतात. स्वतःच्या परागाने बी धरत नाही, आणि कुरणात कधी कधी सगळ्या काड्या एकाच मुळाच्या निघतात. मग भुंगे कितीही आले तरी शेंग नाही. त्यातून धरलीच, तर ती पिकायच्या आत, जुलैच्या सुरुवातीला, गवत कापायची वेळ होते. ज्या कापणीने कुरण वाचलं, तीच हिचं बी पडू देत नाही.

मी चार काड्या मोजल्या. रविवारी मालकाकडे जाणार आहे. तेवढा कोपरा ऑक्टोबरपर्यंत सोड म्हणायला. म्हातारा खडूस आहे म्हणतात. आंब्याचं लोणचं घेऊन जाऊ का?

एक काम कर. देवळामागच्या रुईला बोंडं आली असतील, तर हिरव्या बोंडाचा फोटो पाठव, पोपटाच्या चोचीसारखं असतं त्याचा. बाईंना दाखवायचाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू