बापू नाडकर्णी : एकवीस निर्धाव षटकांपलीकडे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या १२ जानेवारीच्या अंकातील दिनविशेषात क्रिकेटपटू बापू नाडकर्णी यांचे स्मरण दोन ओळींत केलेले वाचले. १९६४ साली मद्रास कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस षटके निर्धाव टाकली, एवढाच त्यात उल्लेख आहे. नोंद बरोबरच आहे. परंतु दरवर्षी तेवढेच छापून येत असल्यामुळे मूळच्या नाशिककर असलेल्या या खेळाडूची ओळख धावा न देणारा गोलंदाज एवढीच उरली आहे आणि त्यांचे अष्टपैलुत्व विस्मरणात गेले आहे, असे मला वाटते.

त्या डावात बापूंचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी असे होते. सलग १३१ चेंडूंवर त्यांनी एकही धाव दिली नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकण्याची त्यांची सवय सर्वश्रुत आहे. मात्र याच मालिकेतील शेवटच्या, कानपूर कसोटीत इंग्लंडच्या ८ बाद ५५९ धावांना उत्तर देताना भारताचा डाव २६६ धावांत आटोपून फॉलोऑनची, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरण्याची, नामुष्की ओढवली, तेव्हा पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा काढून सामना अनिर्णित राखण्यात मोठा वाटा उचलणारा डावखुरा फलंदाजही हेच बापू होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. मालिकेतील पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. त्यातली कानपूरची कसोटी वाचली ती अशा चिवट फलंदाजीमुळे.

वास्तविक बापूंचे पदार्पणच फलंदाजीने गाजले होते. १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध अष्टपैलू खेळाडू विनू मंकड यांनी विश्रांती घेतल्यामुळे त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या. गोलंदाजीत मात्र बळी मिळाला नाही, आणि मंकड परतताच त्यांना जागा सोडावी लागली. पुढे मुंबईकडून रणजी स्पर्धेत दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावांची खेळी केली. केवळ षटके 'आवळून' टाकण्यासाठी संघात घेतलेला माणूस अशी खेळी करत नाही.

त्यांच्या गोलंदाजीविषयीचा समजही मला अर्धवट वाटतो. ४१ कसोटींत ८८ बळी आणि षटकामागे सरासरी १.६७ धावा हे आकडे पाहिले, तर एका बळीसाठी त्यांना शंभराहून अधिक चेंडू टाकावे लागले, हे मान्य करावेच लागते. बळी दुसऱ्या टोकाने मिळवायचे आणि बापूंनी आपले टोक धरून ठेवायचे, ही कामाची वाटणी त्यांच्या वाट्याला अनेकदा आली. पण खेळपट्टीने साथ दिली की ते काय करू शकत, हे १९६४ मध्येच, त्याच मद्रासमध्ये ऑस्ट्रेलियाने अनुभवले. बापूंनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६, असे एकाच कसोटीत अकरा बळी टिपले होते. भारत ती कसोटी हरला, म्हणूनच बहुधा ही कामगिरी झाकोळली गेली असावी. १९६८ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध ४३ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी विजयाला हातभार लावला. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिलीच कसोटी मालिका. त्याच मालिकेतील ऑकलंडचा सामना ही बापूंची अखेरची कसोटी ठरली.

आजच्या वीस षटकांच्या सामन्यांत निर्धाव चेंडूचे मोल समालोचक घसा फोडून सांगतात, तेव्हा बापूंची आठवण निघते, हे चांगलेच आहे. तथापि १४१४ कसोटी धावा, एक शतक आणि सात अर्धशतके ज्यांच्या नावावर आहेत, त्यांच्या फलंदाजीलाही त्या आठवणीत जागा मिळायला हवी.

१७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत बापूंचे निधन झाले. दिनविशेष सदरात जागा मोजकीच असते, याची मला कल्पना आहे. तरीही ४ एप्रिल या त्यांच्या जन्मदिनी एकवीस षटकांच्या जोडीला कानपूरच्या त्या दोन नाबाद खेळींचीही एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक