लाईन बंद आहे हे सिद्ध करावं लागतं

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही अजून 'एमएसईबी'च म्हणता आणि गावातही सगळे तसंच म्हणतात. बोर्डाचे 6 जून 2005 रोजी भाग झाले. वर एक सूत्रधारी कंपनी, आणि तिच्याखाली वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या दाबाने वाहून नेणारी महापारेषण आणि दारापर्यंत पोचवणारी महावितरण. पदवीधर शिकाऊ अभियंता म्हणून माझं काम या शेवटच्या टप्प्यात आहे. 33/11 केव्हीचं (33 हजार व्होल्टचे 11 हजार करणारं) उपकेंद्र, तिथून निघणारे 11 केव्हीचे फिडर म्हणजे गावोगाव जाणाऱ्या लाईनी, फिडरवरच्या डीप्या म्हणजे रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) आणि डीपीतून घराघरात जाणारी लाईट.

आई, तू दर फोनला करंटचं विचारतेस. खांबावर लाईनमन चढतात. पण त्यांनी चढावं इतकी ती लाईन मेलेली आहे का, हे ज्या कागदावर ठरतं तो नीट भरणं आणि तपासणं हे अभियंत्याचं काम. त्याला परमिट म्हणतात. सगळ्यात जास्त लक्ष देऊन शिकायची गोष्ट हीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा, फुटलेला पिन इन्सुलेटर (तार खांबापासून वेगळी ठेवणारा चिनी मातीचा आधार) बदलायचा आहे. लाईनमन उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडे परमिट मागतो. यंत्रचालक फिडरचा ब्रेकर (लाईन तोडणारा मोठा स्विच) उघडतो, पॅनलवरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागतो, अँपिअरचा काटा शून्यावर येतो. एवढ्यावर कुणालाही चढवायचं नसतं. हल्लीच्या व्हॅक्यूम ब्रेकरची तोंडं बंद बाटलीत असतात, ती खरोखर सुटली का हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आयसोलेटर, म्हणजे उघड्या पात्यांचा स्विच, उघडायचा आणि तिन्ही फेजची पाती वेगळी झालेली स्वतः खाली उभं राहून बघायची. हँडल पूर्ण आलेलं असतं आणि एखादं गंजलेलं पातं जागेवरच अडकलेलं असतं, असं होतं. मग हँडलला कुलूप आणि 'माणसे काम करत आहेत' हा फलक.

पुढचं काम खांबापाशी. व्होल्टेज डिटेक्टर आधी चालू लाईनवर दाखवून तो वाजतो याची खात्री करायची, मग बंद लाईनवर धरायचा. बॅटरी संपलेला डिटेक्टरही गप्पच राहतो. त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे बंद तार केबलने जमिनीशी जोडणारी काठी. आधी जमिनीकडचं टोक घट्ट बसवायचं, मगच काठीने तारेला आकडा लावायचा. काढताना उलट, आधी तारेवरचा आकडा आणि शेवटी जमिनीकडचं टोक. क्रम चुकला तर तारेतली वीज ती मोकळी केबल धरणाऱ्याच्या अंगातून जमीन शोधते. आणि रॉड कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हवेत, एका बाजूला लावून भागत नाही.

दोन्ही बाजूंना का, तर वीज उपकेंद्राकडूनच येईल असं नसतं. डीपीतल्या रोहित्राला येण्याची आणि जाण्याची बाजू ठरलेली नाही. ते 11,000 व्होल्टचे 433 करतं, तसंच खालून वीज आली तर तिचे दहा-अकरा हजार करून वर पाठवू शकतं. लग्नाच्या मांडवात लाईट गेली की कुणीतरी जनरेटरची वायर सरळ घराच्या सॉकेटमध्ये घालतं, मेन स्विच तसाच चालू. तिकडे दोन किलोमीटरवर बंद लाईनवर माणूस चढलेला असतो. बाबा, आपल्याकडे कुणी जनरेटर आणला तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईट किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवल्याशिवाय जोडू देऊ नका, अगदी भांडून अडवा.

परमिट परत घेतानाही तितकंच जपावं लागतं. ज्याच्या नावावर घेतलं त्यानेच परत करायचं. त्याआधी खाली उतरलेली माणसं मोजायची, काढलेले रॉड मोजायचे, आणि परमिटचा क्रमांक, वेळ आणि नाव दोन्हीकडच्या वहीत जुळवायचं. सगळ्यात घातक म्हणजे घड्याळावरचं परमिट, 'तासाभराने लाईन चालू करा' असं आधीच सांगून ठेवणं. काम दीड तास चालतं आणि घड्याळ थांबत नाही. दुसरा धोका एकाच खांबावरून दोन फिडर जातात तिथे. परमिट एकाचं आणि हात दुसऱ्याच्या तारेला. अशा जागी दोन्ही फिडर बंद करून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे, गावाला अर्धा तास जास्त अंधार सोसावा लागला तरी. तुम्ही फोन केलात आणि मी उचलला नाही, तर परमिट चालू आहे असं समजा.

पहिल्या पावसाला लाईट हमखास का जाते, हे बाबा नेहमी विचारतात. उन्हाळाभर इन्सुलेटरवर धूळ साचते. मोठा पाऊस ती धुऊन काढतो, पण नुसती भुरभुर आली की तिचा ओला थर होतो आणि त्यावरून वीज खांबावर उतरते. उन्हात तापलेल्या चिनी मातीला बारीक तडे गेलेले असतात, त्यांत पाणी शिरतं. उपकेंद्रात ब्रेकर पडला की आधी रिलेवर (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्रावर) कोणता फ्लॅग, म्हणजे बिघाडाची खूण, आहे ते लिहून घ्यायचं, मगच रिसेट करायचं. अर्थ फॉल्ट असेल तर एखादी तार जमिनीशी जोडली गेली आहे, म्हणजे फांदी, फुटका इन्सुलेटर किंवा साप. ओव्हरकरंट असेल तर तारा एकमेकींना लागल्या असतील किंवा भार जास्त झाला असेल. मग फिडरचा लांबचा भाग खांबावरच्या एबी स्विचने तोडून ब्रेकर पुन्हा चालू करून बघायचा. टिकला तर बिघाड तोडलेल्या भागात, आणि तिथून खांबाखांबाने बॅटरी घेऊन चालायचं.

तार तुटून पडली की ब्रेकर पडतोच, ही समजूत मात्र खोटी आहे. कोरड्या मुरमावर किंवा खडकावर पडलेल्या तारेतून इतका कमी करंट जमिनीत जातो की रिलेला कळतही नाही. पडलेली तार चालूच आहे असं धरा, दहा मीटर लांब राहा, गुरं हाकलायलाही जवळ जाऊ नका आणि 1912 ला फोन करा.

आता आपल्या मळ्याच्या डीपीचं. ती दर वर्षी रब्बीत का जळते, याचा हिशोब साधा आहे. 100 केव्हीए क्षमतेच्या रोहित्रातून एका फेजला साधारण 133 अँपिअर निघतात. 5 एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. 15 मोटारींचे झाले 112. म्हणजे बसतंय. पण सुरू होताना प्रत्येक मोटार सहापट ओढते, 15 मोटारी एकदम सुरू झाल्या तर पावणेसातशे अँपिअर. ऑटो स्विचमुळे नेमकं तेच होतं, लाईट येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. दाब इतका कोसळतो की मोटारी वेग घेऊ शकत नाहीत आणि करंट चढलेलाच राहतो. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. पण त्याच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळलेली असते, मग फ्यूजऐवजी रोहित्राचं वाइंडिंग जळतं.

म्हणून ऑटो स्विच काढून टाका. निदान शेजारच्या मळ्यांशी बोलून कुणी दोन मिनिटांनी, कुणी पाच मिनिटांनी, असं ठरवून हाताने मोटारी सुरू करा. आपल्या 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, वायरमन अर्ध्या तासात जोडून देतो. त्याने लाईनमधून ओढला जाणारा करंट उतरतो, दाब थोडा सुधारतो. डीपीच्या पेटीत स्वतः हात घालू नका, पायात रबरी चप्पल असली तरीही नाही.

आई, घरात दिवे एकाएकी फार प्रखर झाले आणि शेजारी मंद झाले, तर डीपीवरचा न्यूट्रल सुटलेला असतो. टीव्ही, फ्रिज बघत बसू नकोस, आधी मेन स्विच पाड. आणि गीझरच्या लाईनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) या महिन्यातच बसवून घ्या.

बाबा, एक काम करा. लांबूनच डीपीच्या खांबावर रंगवलेला क्रमांक आणि किती केव्हीए लिहिलंय ते वाचा, आणि तिच्यावर किती मोटारी, किती एचपीच्या आहेत ते वहीत उतरवून मला कळवा. अण्णाकाकांच्या दोन नव्या बोअरच्या मोटारीही धरा. भार खरोखर जास्त असेल तर रोहित्र वाढवून मागायच्या अर्जाला तुमच्या सगळ्यांच्या ग्राहक क्रमांकांसह ही यादी जोडावी लागेल. तो अर्ज मी लिहून देते.

तुमची,
मनू